सालाबादची लस

माहीमच्या शीतळादेवीपुढे आजही नारळ फुटतो, आणि वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्याला प्लेगच्या दिवसांत ख्रिस्ती वस्त्यांनी उभारलेले क्रूस अजून आढळतात. देवीने आणि प्लेगाने या नगरीतून किती माणसे नेली याची साक्ष काढण्यासाठी सरकारी दप्तर धुंडाळावे लागत नाही, डोळे उघडे ठेवून रस्त्याने चालले तरी पुरते. परंतु १९१८ साली याच नगरीच्या गोदीतून आत शिरून मुंबई इलाख्यातील दहा लाखांहून अधिक माणसे अवघ्या काही महिन्यांत ज्याने नेली, त्या इन्फ्लुएंझाची अशी खूण मुंबईच्या रस्त्यांवर शोधू गेल्यास सापडत नाही. खेड्यापाड्यांत वृद्धांच्या तोंडी ‘मानमोडीची साथ’ हे शब्द पुढे कित्येक वर्षे राहिले, कोणाचा जन्म आणि कोणाचे वैधव्य त्या सालावरून मोजले गेले, आणि ती पिढी सरली तशी तीही आठवण विरली. ज्या रोगाची स्मृती टिकली नाही त्याच्यावरील लसीला समाजाच्या नित्याच्या आचारात स्थान मिळण्यास विलंब लागावा, हे एका परीने स्वाभाविकच होय. तथापि या विलंबाची कारणे तपासू गेल्यास त्यांत विस्मृतीपेक्षा अधिक काही आहे असे दिसून येते. गेल्या सव्वादोनशे वर्षांत आपल्या प्रांताने लस टोचून घेण्याचे दोन मोठे धडे गिरवले, एक देवीचा आणि दुसरा प्लेगचा. त्या दोहोंनी जी शिकवण दिली ती फ्लूच्या लसीच्या उपयोगी पडत नाही, आणि जी उपयोगी पडावी ती घेण्याचा प्रसंग आपल्यावर अगदी अलीकडे आला.

जेन्नरच्या लसीचे हिंदुस्थानातील पहिले पाऊल मुंबईतच पडले. एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने १७९६ च्या मे महिन्यात गाईच्या देवीतील द्रव एका मुलाच्या दंडात घालून त्या मुलास पुढे मानवी देवीची बाधा होत नाही हे पाहिले, आणि १७९८ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून ती लस इकडे आणण्याची खटपट सुरू झाली, परंतु आफ्रिकेस वळसा घालून येणाऱ्या जहाजावरील महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात तिचा गुण नाहीसा होई. अखेर व्हिएन्नातील झां द कारो या वैद्याने खुष्कीचा मार्ग धरला. लसीत भिजवलेले धागे काचेच्या तुकड्यांमध्ये ठेवून आणि वर मेणाचा लेप देऊन त्याने ते कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादेस रवाना केले. तेथून बसऱ्यापर्यंत ती लस माणसांच्या दंडांवर जिवंत ठेवण्यात आली, आणि बसऱ्याहून जहाजाने ती मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ऍना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. तिच्या फोडातील द्रवाने आणखी पाच मुलांना टोचण्यात आले, आणि तेथून दंडादंडांवरून प्रवास करीत ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास आणि सिलोनपर्यंत गेली. लस साठवून ठेवण्याचे दुसरे साधन नसल्यामुळे तिचा साठा म्हणजे नुकतीच टोचलेली मुले, आणि तिची वाहतूक म्हणजे त्या मुलांचा प्रवास, असा तो काळ होता.

लोकांनी ती मुकाट्याने स्वीकारली असे मात्र घडले नाही. कोणाच्या मुलाच्या अंगातील पू कोणाच्या मुलाच्या रक्तात मिसळतो, हा प्रश्न सोवळ्याओवळ्याच्या समाजात अत्यंत नाजूक होता; शिवाय देवी येणे हे मातेचेच आगमन आहे अशी ज्यांची श्रद्धा होती, त्यांना हत्यार घेऊन दारी येणारा सरकारी टोचणारा हा मातेच्या कामात हात घालणारा आगंतुक वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर लस वाढवण्याची रीत आली, तेव्हा पहिला आक्षेप हळूहळू दुर्बळ झाला, आणि पुढे बेळगावच्या लससंस्थेतून इलाख्यातील जिल्ह्यांना लस जाऊ लागली. दुसऱ्या आक्षेपावर सरकारने कायद्याचा उतारा काढला. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात बालकांना लस टोचणे सक्तीचे झाले, १८८० साली हिंदुस्थान सरकारचा लसटोचणीचा कायदा आला, आणि कालांतराने गावोगाव देवी काढणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे मुले हजर करणे ही पाटील-कुलकर्ण्यांच्या कामांपैकी एक बाब होऊन बसली. ‘देवी डॉक्टर’ आला की आया मुलांना माळ्यावर लपवीत, कोतवाल त्यांना हुडकून काढी, आणि दंडावर वाटोळे वण घेऊन ती मुले मोठी होत. त्या वणांनी पाच-सहा पिढ्यांच्या मनावर असे बिंबवले की लस ही आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घ्यायची, ती सरकारने द्यायची, आणि तिची पावती जन्मभर अंगावर वागवायची. १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला आणि १९८० साली तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, तेव्हा या समजुतीवर यशाची मोहोर उमटली.

प्लेगचा धडा निराळा होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो रोग ओळखला, आणि पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत, हाताखाली मोजकी माणसे घेऊन, त्यांनी सुमारे तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू सोडायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे त्या थेंबांना धरून जंतूंचे झुबके खाली लोंबू लागतात, आणि मग ते जंतू उष्णतेने मारून त्यांचीच लस करायची, अशी ती कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगावर आजमावली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांचे भय जावे म्हणून ती जाहीरपणे टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपला बंगला दिला. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा थाटण्यात आली; १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे.

परंतु ही लस ज्या हवेत आली ती हवा शुद्ध नव्हती. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले होते, सोजिरांच्या तुकड्या घरात शिरून झडती घेत होत्या, रोगी आणि संशयित यांना उचलून छावण्यांत नेले जात होते, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुण्यात प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळी झाडली गेली. अशा काळी सरकारच्या हातून येणारी कोणतीही वस्तू संशयास पात्र ठरावी यात नवल नव्हते. त्यातच १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल या गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवून त्यांना दूर करण्यात आले, आणि ती बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी हे मान्य होऊन ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. तात्पर्य, प्लेगच्या लसीने लोकांना शिकवले ते असे की लस ही संकटकाळची वस्तू आहे, मृत्यू उंबरठ्याशी आला असता ती घ्यावी, आणि तेव्हाही जीव मुठीत धरून घ्यावी.

हे दोन संस्कार घेऊन बसलेल्या मुंबईवर १९१८ साल येऊन आदळले. मेच्या अखेरीस एक जहाज बंदरात लागले, आणि १० जून रोजी गोदीवर पहाऱ्यास असलेल्या सात पोलीस शिपायांना तापाने रुग्णालयात दाखल करावे लागले. तो ताप हिवतापाचा नव्हता. पाठोपाठ गोदीतील मजूर, पेढ्यांतील कारकून, तारखात्यातील नोकर, टांकसाळीतील व गिरण्यांतील कामगार यांनी अंथरूण धरले. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती आणि जुलै सरता सरता ती ओसरली. परंतु सप्टेंबरात रोग परतला तो रूप पालटून. आता तो फुप्फुसांत उतरू लागला, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोडून वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयाच्या माणसांना वेचू लागला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. आगगाडीने तो घाटावर गेला, घाटावरून वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात गेला, आणि पटकीच्या किंवा प्लेगच्या बाबतीत ज्या गावांचे आडमार्गावर असणे हेच त्यांचे संरक्षण ठरत असे, अशी गावेही त्याने वगळली नाहीत.

त्या साली पावसानेही दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि महायुद्धासाठी डॉक्टरांची मोठी संख्या रणभूमीवर गेलेली होती. सरकारी यंत्रणा जेथे अपुरी पडली तेथे ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक औषध, दूध आणि पांघरुणे घेऊन चाळींतून फिरले. मृत्यूने सर्वांना सारखे मानले असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. मुंबईच्या आरोग्यखात्याचे आकडे तिला दुजोरा देत नाहीत. शहरातील युरोपियनांत या साथीचे मृत्युमान हजारी ८.३ होते, पारशांत ९, तर ज्यांना तत्कालीन कागदपत्रांनी ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले त्यांच्यांत ते ६१.६ होते. रोग एकच होता. भिन्न होती ती खोलीतील माणसांची संख्या, ताटातील अन्न आणि आजारी पडल्यावर चार दिवस निजून राहण्याची सवड. सबंध हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात, आणि १९२१ च्या शिरगणतीत आढळून आले की दहा वर्षांपूर्वीपेक्षा देशाची लोकसंख्या घटली आहे. आधुनिक शिरगणत्यांच्या मालिकेत असे एकदाच घडले.

या संहारापुढे वैद्यकाची स्थिती कशी होती हे पाहिले म्हणजे त्या रोगाच्या विस्मृतीचे एक कारण हाती लागते. १८९२ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने इन्फ्लुएंझाच्या रोग्यांच्या कफात एक जंतू पाहिला होता, आणि रोगाचे कारण तोच, असे बहुसंख्य वैद्य पंचवीस वर्षे मानीत आले होते. १९१८ मध्ये अनेक देशांत ज्या लसी घाईघाईने बनवण्यात आल्या त्या याच जंतूच्या, किंवा त्याच्यासह न्युमोनियाच्या जंतूंचे मिश्रण करून. नंतर येणाऱ्या न्युमोनियाला त्यांनी थोडाफार अटकाव केला असेल तर असेल. मूळ रोगाशी त्यांचा संबंध नव्हता, कारण मूळ रोगाचे बीज त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्याजोगे नव्हतेच. देवीला लस होती, प्लेगला होती, मानमोडीला नव्हती. ज्या साथीत काहीच करता आले नाही तिच्यातून घेण्यासारखी शिकवणही उरली नाही.

बीज सापडण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. १९३३ साली लंडनमधील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्रूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रोग्याच्या घशातील धुवण, जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळून, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातले. तो प्राणी शिंकू लागला, आणि इन्फ्लुएंझाचे कारण जंतू नसून विषाणू आहे हे निर्विवाद झाले. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील मॅकफार्लेन बर्नेट यांनी हा विषाणू कोंबडीच्या सजीव गर्भ असलेल्या अंड्यात मुबलक वाढवण्याची पद्धत विकसित केली, आणि लस बनवण्याचा व्यावहारिक मार्ग मोकळा झाला: दहा-अकरा दिवस उबवलेल्या अंड्यात सुईने विषाणू घालायचा, दोन-तीन दिवसांनी आतील द्रव काढून घ्यायचा, तो शुद्ध करून त्यातील विषाणू रसायनाने निष्प्राण करायचा. जगातील फ्लूची बहुतांश लस आजही अंड्यांतच तयार होते, आणि एका हंगामासाठी कोट्यवधी अंड्यांची तजवीज महिनोगणती आधी करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराला १९१८ ची पुनरावृत्ती नको होती. मिशिगन विद्यापीठातील टॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास सॉल्क, जे पुढे पोलिओच्या लसीमुळे विश्वविख्यात झाले, यांनी १९४३ मध्ये लष्करी शिक्षण घेणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांवर अशा निष्प्राण विषाणूच्या लसीची परीक्षा घेतली, ती उत्तम उतरली, आणि युद्ध संपता संपता लस सैन्यास व मागोमाग नागरिकांस उपलब्ध झाली. आता देवीप्रमाणे याही रोगाचा निकाल लागणार असा विश्वास वाटू लागला असतानाच १९४७ साल आले आणि लस टोचलेली माणसे न टोचलेल्यांइतकीच आजारी पडली. लसीत खोट नव्हती. विषाणूच बदलला होता. त्याच्या पृष्ठभागावरील ज्या दोन प्रथिनांवरून शरीर त्याला ओळखते, ती प्रथिने दरसाल थोडथोडी पालटतात, आणि कधी काळी पक्ष्यांच्या किंवा डुकरांच्या विषाणूशी संकर होऊन ती मुळापासून नवी होतात.

या बिंदूवर फ्लूच्या लसीची वाट देवीच्या लसीपासून कायमची फुटली. देवीची लस म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या इनामाची सनद. एकदा शिक्का पडला की पुन्हा कचेरीत जाण्याचे प्रयोजन नाही. फ्लूची लस ही सालसालच्या कबुलायतीने कसलेली जमीन ठरली: दरवर्षी पाहणी, दरवर्षी आकारणी, दरवर्षी नवा कागद, आणि गतवर्षीचा कागद दाखवून यंदाचे काम भागत नाही. ज्या समाजाला सनदेची सवय आहे त्याला ही सालाबादची कबुलायत म्हणजे लसीचा अपुरेपणा वाटतो. वस्तुतः तो विषाणूचा स्वभाव आहे, आणि लसीने त्याच्याशी जुळवून घेतले आहे.

पाहणीचे दप्तर उभारणे हे पुढचे कार्य होते. युद्धोत्तर वर्षांत लंडनमध्ये जागतिक इन्फ्लुएंझा केंद्र सुरू झाले आणि १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे जाळे विणले. त्याची कसोटी १९५७ साली लागली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हाँगकाँगमधील साथीची वृत्तपत्रातील बातमी वाचून मॉरिस हिलमन या अमेरिकन शास्त्रज्ञाला महासाथीचा सुगावा लागला, त्याने तेथून नमुने मागवले, लस बनवणाऱ्यांना अंड्यांसाठी लागणारे कोंबडे हंगामाअखेर कापू नका असे बजावले, आणि शरद ऋतूपर्यंत कोट्यवधी मात्रा सिद्ध करवून घेतल्या. परंतु हिंदुस्थानात ती साथ सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजाबरोबर मे महिन्यातच उतरली होती आणि पावसाळ्याच्या आरंभीच देशभर पसरून गेली होती. अमेरिकेतील लस बाटल्यांत भरेपर्यंत इकडची लाट ओसरू लागली होती. लस असूनही आपल्या ऋतूला ती सापडत नाही, हा अनुभव आपल्याला प्रथम तेव्हा आला. तो शेवटचा नव्हता.

याच दशकात पुण्याचे नाव या इतिहासात प्रविष्ट होते. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापिले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते, आणि फ्लूच्या विषाणूंची देशातील पाहणी हे त्याचे एक नित्यकर्म झाले. दुसरीकडे पुण्याच्याच एका अश्वपैदास केंद्रातून निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेकडे प्रतिविष तयार करण्यासाठी जात असत. हे काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. अशा रीतीने एका नगरात विषाणू ओळखणारी सरकारी संस्था आणि लस बनवणारा खाजगी कारखाना, दोन्ही नांदू लागली. तरीही पुढची चार दशके पुणेकराने स्वतः फ्लूची लस घेण्याची चाल पडली नाही. पडसे-खोकला हा काढा, वाफ आणि घोंगडी यांचा विषय, असे घराघरांत मानले जाई.

ही स्वस्थता २००९ च्या ऑगस्टात भंगली. मेक्सिकोत वसंतात उद्भवलेल्या नव्या एच१एन१ विषाणूने, ज्याला सर्वत्र ‘स्वाइन फ्लू’ म्हटले गेले, भारतातील पहिला बळी घेतला तो पुण्यात, ३ ऑगस्ट रोजी, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. पुढच्या काही दिवसांत शाळा-महाविद्यालये, नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे बंद झाली, नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाच्या आवारात रांगा लागल्या, तोंडावर रुमाल बांधलेल्या माणसांनी रस्ते भरले, आणि गणेशोत्सव त्या सावटाखाली पार पडला. लोक लस मागत होते, लस नव्हती. देशी बनावटीची पहिली लस अहमदाबादच्या कारखान्यातून जून २०१० मध्ये आली आणि सीरमची नाकात फवारण्याची लस जुलैत. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. या नाकातील लसीची वंशावळ मोठी उद्‌बोधक आहे. १९५७ च्या साथीत लेनिनग्राडमध्ये मिळालेला विषाणू तेथील शास्त्रज्ञांनी थंड तापमानात वारंवार वाढवून असा माणसाळवला होता की तो नाकाच्या गारव्यात वाढतो आणि फुप्फुसांच्या ऊबेत निस्तेज होतो. त्याच्याच पाठीवर २००९ च्या विषाणूची प्रथिने चढवून ही लस झाली.

२००९ ने महाराष्ट्राला फ्लूच्या लसीची ओळख करून दिली, पण ती प्लेगच्या धड्याप्रमाणे, भयाच्या मार्गाने. वृत्तपत्रांत मृत्यूंची संख्या छापून येऊ लागली की दवाखान्यांत विचारणा वाढे, संख्या उतरली की लसीच्या कुप्या शीतकपाटात पडून राहत. २०१५ साली रोगाने पुन्हा जोर धरला, आणि त्या सुमारास राज्याच्या आरोग्यखात्याने गर्भवती स्त्रिया, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य-कर्मचारी यांना ती विनामूल्य देण्याची व्यवस्था आरंभिली. हुकूम किंवा सक्ती यांवाचून, केवळ कोणाला धोका अधिक आहे हे पाहून सरकारने मोठ्या माणसांपुढे लस ठेवावी, हा प्रकार आपल्याकडे नवा होता.

तथापि सालाबादच्या लसीला साल कोठून मोजायचे हा प्रश्न उरतोच. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून त्यांची लस शरदात घेतली जाते. मुंबई-पुण्यात त्याचा मुख्य भर जूनपासून सप्टेंबरपर्यंत, पावसाच्या दिवसांत असतो आणि हिवाळ्यात एक लहान उसळी येते. श्रीनगरचा हंगाम मात्र युरोपप्रमाणेच हिवाळी. जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञमंडळी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लसीतील विषाणूंची निवड जाहीर करतात, आणि कारखान्यांना त्यानंतर सुमारे सहा महिने लागतात. टोचल्यावर शरीराची तयारी होण्यास दोन आठवडे जातात आणि ती तयारी काही महिन्यांत ओसरू लागते. एवढे लक्षात घेतले म्हणजे भूगोलाने उत्तर गोलार्धात बसलेल्या महाराष्ट्राने ऑक्टोबरातल्या लसीवर विसंबून पुढच्या आषाढात भिजायचे, यातील विसंगती उघड होते. आपल्या ऋतूला सोयीची ती मृगापूर्वीची, एप्रिल-मे महिन्यांतील मात्रा, आणि तीही त्या वेळी उपलब्ध असलेल्या सर्वांत ताज्या निवडीची. निवड किती झपाट्याने जुनी होते याचा एक दाखला कोविडने दिला: मुखपट्ट्या आणि टाळेबंदीच्या काळात बी यामागाता नावाची फ्लूची एक शाखाच दिसेनाशी झाली, मार्च २०२० नंतर ती कोठे खात्रीने आढळली नाही, आणि चार घटकांची लस पुन्हा तीन घटकांवर आणण्याची शिफारस झाली.

फ्लूच्या लसीने देवीच्या लसीसारखी कीर्ती मिळवावी अशी अपेक्षा कोणी धरू नये. विषाणूशी तिचा मेळ चांगला बसतो त्या वर्षीही ती रोगाचा धोका साधारणतः चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते, आणि ज्याला ती वाचवते त्याला आपण वाचलो हे कधी कळत नाही. म्हातारीचा न्युमोनिया झाला नाही, मधुमेह्याला अतिदक्षता विभागात जावे लागले नाही, गर्भवतीचा ताप छातीत उतरला नाही, अशा न घडलेल्या घटनांतच तिचे यश असते. असे यश हुकमाने किंवा भयाने पदरात पडत नाही. हुकूम वर्षानुवर्षे चालत नाही आणि भय सहा महिन्यांत ओसरते. दर वर्षी न चुकता केली जाणारी गोष्ट टिकते ती अंगवळणी पडली तरच, आणि सव्वादोनशे वर्षांच्या ओळखीनंतरही लस आपल्या अंगवळणी पडली आहे ती केवळ बालपणापुरती. प्रौढाने स्वतः होऊन, निरोगी असताना, पावसाळ्याच्या तोंडाशी दवाखान्यात जावे, ही रीत आज प्रामुख्याने त्यांच्यात रुजते आहे ज्यांचा ठरलेला डॉक्टर आहे आणि ज्यांना तिचे मोल देणे जड जात नाही. हजारी ६१.६ आणि ८.३ या आकड्यांमधील अंतर ज्या कारणांनी पडले ती कारणे चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून अद्याप गेलेली नाहीत. ज्या वर्षी प्राथमिक आरोग्यकेंद्रात मे महिन्याची फ्लूची लस ही पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या यादीत, विहिरीत औषध टाकण्याच्या जोडीने, कोणी न सांगता लिहिली जाईल, त्या वर्षापासून महाराष्ट्रात या लसीचा खरा इतिहास सुरू झाला असे म्हणता येईल.